आत्यानं वाढवलेला आकडा

माझ्या आत्याला तिच्या ऑफिसात ‘अंदाजबाई’ म्हणत. तोंडावर मॅडम आणि पाठ वळली की अंदाजबाई. तिला ते ठाऊक होतं. “नाव ठेवायचंच तर कामावरून ठेवलेलं बरं,” असं ती म्हणायची. तिचं काम खरंच तेवढंच होतं. वीज कंपनीच्या मुख्य कार्यालयात, तिसऱ्या मजल्यावर, नियोजन विभागात बसून उद्या किती वीज लागेल, पुढच्या वर्षी किती आणि वीस वर्षांनी किती, याचा अंदाज बांधायचा.

ती बाबांची मोठी बहीण, नऊ वर्षांनी मोठी. आजोबा लवकर गेल्यामुळे बाबांना शाळेत घालण्यापासून त्यांच्या लग्नातल्या धावपळीपर्यंत सगळं तिनंच केलेलं. स्वतः एका इस्त्रीच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत एकटी राहायची. तिच्या लग्नाचा विषय कुणी काढला, तर “तो अंदाज माझा चुकला,” एवढं बोलून ती चहा टाकायला उठायची.

मी लहान असताना शाळेला सुट्टी पडली की ती मला कधीकधी ऑफिसात न्यायची. लांबलचक टेबल, कपाटांवर कागदांची भेंडोळी आणि एकाच बाजूला मान वळवणारा पंखा. ती एक भेंडोळं उलगडायची. दिवसभरात लोक किती वीज वापरतात ते त्यावर रेघेनं काढलेलं असे. त्या रेघेला दोन उंचवटे असायचे, एक सकाळचा आणि एक संध्याकाळचा. आत्या त्याला उंट म्हणायची.

“हा बघ आठ वर्षांपूर्वीचा उंट आणि हा यंदाचा. काय दिसतं?”

“पुढची मदार अलीकडे आलीय.”

“पाऊण तास अलीकडे. कारण बायका नोकरीला लागल्या. सातला घर सोडायचं तर पाचला दिवा लागतो, पाणी तापतं. आणि हे बघ, दुपारी एकला इथे खड्डा असायचा. कारखान्यांची जेवणाची सुट्टी. आता तो बुजला.”

“आता सुट्टी देत नाहीत?”

“कारखानेच राहिले नाहीत. जेवायला थांबायचं तर आधी चालू असावं लागतं ना!”

लोक काय बोलतात त्यावर जाऊ नये, बटण कधी दाबतात ते बघावं, असं तिचं मत होतं. पुढे काय होणार हे तिला त्या रेघांतून दिसायचं, आणि बऱ्याच वेळा तसंच व्हायचं. पण त्याचा तिला कधी गर्व झालेला मी पाहिला नाही. कारण तिचा अंदाज विचारायला जे येत, त्यांना अंदाज नको असायचा. निवडणुकीच्या आधी आकडा वर हवा, म्हणजे सगळ्यांना वीज देतो असं सांगता येतं. निवडणूक झाली की तोच आकडा खाली हवा, म्हणजे का दिली नाही हे सांगावं लागत नाही. सरकार बदललं की अहवालाचं कव्हर बदलायचं. आत पळसाला पानं तीनच.

मी सात वर्षांची होते तेव्हा गावाबाहेरच्या कोळशाच्या वीजकेंद्रात तिसरा संच बसवायचं ठरलं. संच म्हणजे भट्टी, चिमणी, यंत्रं सगळं मिळून एक नवं केंद्रच. त्यासाठी आत्याचा आकडा लागत होता. तिनं महिनाभर खपून तो काढला. प्रत्येक मोठ्या अंदाजाला तीन रकाने असतात, मागणी कमी वाढली तर किती, मध्यम वाढली तर किती आणि भरमसाट वाढली तर किती. तिच्या मते मधला खरा होता. पंधरा वर्षांनी आमच्या भागाला सहाशे दहा मेगावॅट लागतील. एवढ्या विजेला जुने दोन संच आणि बाहेरून येणारी वीज पुरेशी होती.

मुख्य अभियंता स्वतः तिच्या टेबलाशी आले. माणूस वाईट नव्हता. खुर्ची ओढून बसले आणि चष्मा पुसत म्हणाले, “बाई, सहाशे दहावर तिसरा संच बसत नाही.”

“मग बसवू नये, साहेब.”

“पायाभरणीची तारीख ठरली आहे.”

“म्हणजे बाजारात तुरी, आणि इथे डाळ शिजत घातली म्हणायची.”

ते हसले. “खोटं काही लिहू नका. तसं मी सांगणारही नाही. तुमच्याच कागदावर तिसरा रकाना आहे, आठशे नव्वदचा. तो तेवढा पुढे ठेवा. बाकीचे दोन नाही छापले तर काय बिघडतं?”

त्या दिवशी संध्याकाळी पाच वाजता तिनं दोन रकाने काढून टाकले, स्वच्छ प्रत तयार केली आणि खाली सही केली.

ती सही तिनं कुणाच्या धाकानं केली असं असतं, तर मला ही गोष्ट सांगायला सोपी गेली असती. पण धाक असा काही नव्हता, हे तिनंच मला पुढे सांगितलं. ती दमली होती. सतरा वर्षं दर अहवालाला तोच वाद, तीच हुज्जत, आणि शेवटी आकडा वरच्या मजल्यावर बदलला जायचाच. “मी म्हटलं, यंदा माझ्या हातानंच बदलते. निदान वाद तरी वाचेल.” तिची बदली झाली नाही, बढतीही झाली नाही. फक्त तो एक महिना शांत गेला.

चार वर्षांनी संच उभा राहत आला आणि नोकरभरतीची जाहिरात निघाली.

बाबांचं तेव्हा मोटर वाइंडिंगचं छोटं दुकान होतं. जळलेल्या मोटरी, पंखे, पाण्याचे पंप यायचे. बाबा जुनी तार उपसून काढायचे, नवी तांब्याची तार वेटोळ्या-वेटोळ्यांनी भरायचे आणि वर वार्निश ओतायचे. त्यांच्या अंगाला कायम त्या वार्निशचा वास असायचा. दुकान बरं चालायचं. जोवर पंखे फिरताहेत तोवर ते जळणार, असं बाबा म्हणायचे. पण आजीला कायम नोकरी हवी होती. “दुकान म्हणजे आज आहे उद्या नाही,” हे तिचं पालुपद.

एका सकाळी आत्या आमच्याकडे आली होती, आणि स्वयंपाकघरात खाली बसून वाटाणे सोलत होती. बाबा जाहिरातीचं कात्रण घेऊन तिच्यासमोर बसले.

“ताई, तू आत बसतेस. तुला माहीत असणार. हा संच चालेल ना? म्हणजे मी रिटायर होईपर्यंत तरी?”

आत्या शेंगा मोडत राहिली.

आजी ओट्याशी उभी होती. तीच म्हणाली, “तिला काय विचारतोस? आकडा तिनंच दिलाय. पेपरात आलंय ना, एवढी वीज लागणार म्हणून!”

मी तिथेच होते, अकरा वर्षांची. आत्यानं मान वर केली नाही, एवढं मला स्पष्ट आठवतं. “चालेल,” ती म्हणाली. “घे नोकरी. कायम आहे.”

बाबांनी महिनाभरात दुकान शेजाऱ्याला देऊन टाकलं.

पहिली दोन-तीन वर्षं झकास गेली. बाबांना निळा गणवेश मिळाला, पिवळं हेल्मेट मिळालं आणि गेटवर बिल्ला दाखवून आत जाण्यातली ऐट मिळाली. मग संच अर्ध्या भारावर चालू लागला. मग आठवड्यातून चार दिवस. “संच बसवला तो बसलाच,” बाबा हसत सांगायचे. पगार वेळेवर येत होता, त्यामुळे हसता यायचं. मागणी वाढत होती, पण मुंगीच्या पावलानं, आत्याच्या मधल्या रकान्यातल्यासारखी. वर लोकांनी छपरांवर सौर पॅनेल बसवायला सुरुवात केली आणि उंटाचं पोट दुपारी खाली लोंबायला लागलं. दुपारी वीज घ्यायला कुणी नाही आणि सूर्य मावळला की सगळ्यांना एकदम हवी. तिसऱ्या संचाची भट्टी तापवायलाच अख्खा दिवस लागायचा. असल्या घाईगर्दीच्या कामाला तो उपयोगी नव्हता.

आत्या अठ्ठावन्नाव्या वर्षी निवृत्त झाली. वाचनालयाच्या सभागृहात तिला बोलायला बोलवू लागले. वीस-पंचवीस माणसं असायची, निम्मी पंख्याखालची जागा धरून बसलेली. एका वर्तमानपत्रानं तिला ‘भविष्यवेत्त्या’ म्हटलं, तेव्हा ती दोन दिवस वैतागलेली होती. पण तिच्याकडे सांगण्यासारखं होतं. मी तिच्याबरोबर जायचे. एकदा ती म्हणाली ते मी वहीत लिहून ठेवलं होतं.

“कोळशाची वीज एका जागी व्हायची, म्हणून मालक एका जागी होता आणि कामगारही. भांडायचं तर गेट कुठे आहे हे सगळ्यांना माहीत होतं. आता वीज छपराछपरावर होते. चांगलंच आहे. कोंबडं झाकून ठेवलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही. पण ज्याचं छप्पर स्वतःचं, त्याची सोय झाली. भाड्याच्या खोलीत राहणाऱ्याच्या वाट्याला जुन्या तारा आणि त्यांची डागडुजी आली. त्यानं भांडायला कुठल्या गेटवर जायचं? इंधन बदललं की माणसं आपोआप समान होतील असं मला तरुणपणी वाटायचं. इंधन बदलतं. रांगेत पुढे कोण आणि मागे कोण, हे बदलायला दुसरं काहीतरी लागतं, आणि त्याचा अंदाज मला कधी बांधता आला नाही.”

त्याच सुमाराला तिसरा संच बंद करण्याची नोटीस गेटवर लागली. सुरू होऊन पुरती पंधरा वर्षंही झाली नव्हती. बाबा एकोणपन्नास वर्षांचे होते. पंचेचाळिशीच्या आतल्यांना दुसऱ्या केंद्रात सामावून घेणार होते, बाकीच्यांना घरी जायचं होतं.

पुढच्या व्याख्यानाला केंद्रातला एक फिटर आला. निळा शर्ट, गणवेशातलाच, खिशावरचा बिल्ला काढलेला. शेवटी प्रश्न विचारायची वेळ आली तेव्हा उभा राहिला आणि अगदी साधेपणानं म्हणाला, “बाई, तिसऱ्या संचाचा अंदाज तुम्हीच दिला होता म्हणतात. तेव्हा हे कळलं नव्हतं का?”

आत्या समोरच्या ग्लासातलं पाणी प्यायली. “अंदाज होता,” ती म्हणाली. “चुकला.”

“चुकला तर चुकला,” फिटर म्हणाला. “माणूस आहे. आमचंही चुकतं.” आणि खाली बसला.

तो चिडला असता, दोन शब्द वेडेवाकडे बोलला असता, तर आत्या कदाचित तशीच घरी गेली असती आणि गोष्ट तिथेच मिटली असती. पण त्यानं तिला माफ करून टाकलं, तेही न केलेल्या चुकीबद्दल. बसमध्ये तिचा स्टॉप गेला तरी तिला कळलं नाही.

रविवारी सकाळी ती आमच्याकडे आली. बाबा पुढच्या खोलीत पेपर वाचत होते, आई कपड्यांच्या घड्या घालत होती. आजी आता नव्हती. आत्या चपला काढून थेट बाबांसमोर बसली आणि पर्स मांडीवर धरून तिनं पाठ केल्यासारखं सगळं सांगून टाकलं. तीन रकाने, मुख्य अभियंता, सही. आणि मग वाटाण्यांचा दिवस. “तू विचारलंस तेव्हा मला माहीत होतं,” ती म्हणाली. “तू विचारलंस आणि मी चालेल म्हटलं.”

बाबांनी पेपराची घडी केली. “खरा किती होता?”

“सहाशे दहा.”

“आणि आता किती लागते?”

“सहाशे चाळीस.”

“म्हणजे फारशी चुकली नाहीस तू,” बाबा म्हणाले. ते उठले, खुंटीवरचा शर्ट घातला आणि बाहेर निघून गेले.

आईनं हातातला टॉवेल तसाच ठेवला. ती आत्याशी कधी उलट बोलली नव्हती. त्या दिवशी बोलली. “ताई, सांगायचं होतं तर तेव्हा सांगायचं. आता सांगून काय झालं? तुमचं मन हलकं झालं आणि ते ओझं आमच्या घरात आलं.”

“खरं आहे,” आत्या म्हणाली. तिनं स्वतःची बाजू मांडली नाही. जाताना जिन्यावर कठडा धरून एकेक पायरी उतरली. मी मागून गेले तर हातानंच नको म्हणाली.

त्यानंतर चौदा महिने बाबा तिच्याशी बोलले नाहीत. शिव्या नाहीत, आरोप नाहीत, तिचं नावच नाही. माझ्याकडून ती खुशाली विचारायची, मी सांगायचे. बाबांना विजेवर चालणाऱ्या रिक्षांच्या मोटरी दुरुस्त करायच्या एका दुकानात काम मिळालं. मालक माझ्याहून दोन वर्षांनी लहान. तो त्यांना काका म्हणायचा आणि कामं मात्र भराभर सांगायचा. पंधरा वर्षांत बाबांचा हात मंदावला होता. या मोटरींच्या आत तारेबरोबर चिप असते आणि ती दुरुस्त होत नाही, बदलायची असते. “बिघाड कळला नाही की सुटा भाग बदलायचा, एवढंच,” बाबा संध्याकाळी पाय पसरून सांगायचे. आई त्यांच्या पाठीला मलम चोळायची. व्याख्यानं आत्यानं थांबवली होती. घसा बरा नाही असं ती वाचनालयाला सांगायची.

मग नियोजन विभागाचं पत्र आलं. पुढच्या पंचवीस वर्षांचा आराखडा करायचा होता आणि अनुभवी लोकांची समिती नेमली होती. आत्याच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता, म्हणून कागद वाचून दाखवायला मी बरोबर गेले. तिसरा मजला तोच, पण टेबलं बदललेली. एका टोकाला मंत्र्यांचे सचिव, दुसऱ्या टोकाला बाहेरच्या कंपनीचा सल्लागार, आणि भिंतीवर चित्रं. बंद पडलेल्या तिसऱ्या संचाच्या जागेवर कॉम्प्युटरांची प्रचंड गोदामं येणार होती. त्यांना रात्रंदिवस वीज लागणार, म्हणून आकडा वर. पंचवीस वर्षांनी दोन हजार शंभर.

आत्यानं हात वर केला. “बाकीचे दोन रकाने कुठे आहेत?”

सल्लागार नम्र होता. “आहेत, मॅडम. पण आम्ही एकच चित्र समोर ठेवतोय.”

“तिन्ही ठेवा. सारख्याच टायपात, पहिल्या पानावर.”

“मॅडम,” सचिव म्हणाले, “तीन आकडे दिले की लोक गोंधळतात.”

“गोंधळू द्या. गोंधळलेला माणूस निदान विचारतो तरी. त्या आकड्यावर कुणीतरी दुकान बंद करतं, कुणी घर बांधतं, कुणी पोराला कुठल्या कोर्सला घालायचं ते ठरवतं. त्यांना कळू द्या की हा अंदाज आहे, आणि तुम्ही त्यातला तुमच्या सोयीचा उचललाय.”

सगळ्यांनी माना डोलावल्या. सूचना फार मोलाची आहे, असं सचिव म्हणाले. मग चहा आला.

अहवाल चार महिन्यांनी छापून आला. पहिल्या पानावर दोन हजार शंभर, ठळक. तिन्ही रकाने होते, एकशे बाराव्या पानावर, परिशिष्टात, मुंगीएवढ्या अक्षरांत. ऋणनिर्देशात आत्याचं नाव होतं. मी ते पान तिला वाचून दाखवलं.

“मागच्या वेळी छापलेच नव्हते,” ती म्हणाली. “आता एकशे बारावर आलेत.” मी हसले, पण ती विनोद करत नव्हती. थोड्या वेळानं म्हणाली, “मी इतकी वर्षं म्हणायचे, राजकारण आकडे वाकवतं. तसं नाही गं. मंत्र्याला बेरीजही धड येत नसते. आकडा वाकवायला आकड्यातलंच माणूस लागतं, आणि ते दमलेलं असलं की काम सोपं जातं. मला आता दमायचाही कंटाळा आलाय.”

तिच्या डोळ्याचं ऑपरेशन ठरलं तेव्हा मी नेमकी बाहेरगावी, नवीन नोकरीच्या प्रशिक्षणाला होते. आईला मी फोनवर सांगितलं की आत्या एकटीच जाणार म्हणते आहे. आईनं ते जेवताना बाबांना सांगितलं. ऑपरेशनच्या दिवशी सकाळी सात वाजता दवाखान्याच्या बाकावर आत्या बसली होती, तिथे बाबा जाऊन बसले. किती वेळ बसले आणि काय बोलले ते दोघांनाच ठाऊक. आईला एवढंच कळलं की नर्सनं कागदावर ‘नातेवाईक’ या ओळीसमोर सही मागितली आणि बाबांनी केली. दुपारी ते तिला रिक्षानं तिच्या खोलीवर न नेता घरी घेऊन आले. डोळ्यावर हिरवी पट्टी होती. आईनं आतल्या खोलीतली गादी झटकली.

मी परत आले तोवर दहा दिवस झाले होते आणि आत्या अजून आमच्याकडेच होती. बाबा तिच्याशी बोलत होते. डोळ्यातल्या थेंबांच्या वेळांबद्दल, गुडघ्यांबद्दल, वरच्या मजल्यावरच्या माणसाच्या मोठ्या आवाजातल्या टीव्हीबद्दल. त्या आकड्याबद्दल नाही. मला वाटतं, तो विषय ते दोघं कधीच काढणार नाहीत. आई तिला दुसऱ्यांदा वाढते, पण त्या रविवारी बोललेला शब्द तिनं मागे घेतलेला नाही, आणि आत्यानंही तशी अपेक्षा केलेली नाही.

संध्याकाळी बाबा कामावरून येतात, हातपाय धुतात आणि तिच्या पलंगाशेजारच्या खुर्चीत बसतात. दोघंही थकलेली असतात. दुसऱ्या डोळ्याची तारीख पुढच्या महिन्यात आहे. बाबांनी रजा टाकली आहे.